दफ्तरातील नोंद आणि लपवलेली गोळी

पावसाळा लागून डासांचा उपद्रव सुरू झाला, म्हणजे गावोगाव एच.आय.व्ही.विषयी बोलावयास जाणाऱ्या आरोग्यसेवकास एक प्रश्न हमखास विचारला जातो : ज्याच्या रक्तात हा विषाणू आहे त्यास चावलेला डास तसाच उडून मला चावला, तर तो मला का होऊ नये? प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. हिवताप डासाने होतो, डेंग्यू डासाने होतो, हे लोकांनी अनुभवाने जाणलेले आहे, एच.आय.व्ही. रक्तातून जातो हे त्यांना सरकारी भिंतींवरील अक्षरांनी शिकवले आहे. आणि डास रक्त पितो हे कोणी शिकवावे लागत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून निघालेला निष्कर्ष चुकीचा असला, तरी तो काढणाऱ्याच्या तर्कात दोष नाही; दोष असलाच, तर अर्धी माहिती देऊन थांबणाऱ्यांचा आहे.

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर लोणार तालुक्यातील बीबी हे गाव लागते. अशा रस्त्याकाठच्या गावांत या पहिल्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा येतो, आणि तो अधिक मार्मिक असतो. नवऱ्यास लागण आहे, बायकोस नाही, दोन मुले झाली त्यांनाही नाही, आणि हा संसार वर्षानुवर्षे एका छपराखाली चालला आहे, असे उदाहरण कोणाच्या तरी ऐकिवात असते. मग हा रोग संसर्गजन्य की नाही? आणि औषधाने जंतू ‘दिसेनासा’ होत असेल, तर ते औषध जन्मभर घ्यावयाचे कशासाठी? या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती नीट उलगडली, म्हणजे एखाद्या माणसाने हा आजार घेऊन गावात उजळ माथ्याने राहावे की तोंड लपवून, हा प्रश्न केवळ धैर्याचा वा अब्रूचा नसून त्याच्या रक्ताच्या तपासणीशी थेट निगडित आहे, असे आढळून येईल. प्रस्तुत लेखाचा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

डास का पोहोचवीत नाही

हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात गेला की तेथे वाढतो, अवस्था पालटतो आणि अखेरीस त्याच्या लाळेच्या ग्रंथींत येऊन बसतो. डास हा त्याचा निव्वळ वाहक नसून दुसरे घरच आहे. एच.आय.व्ही.ची गोष्ट निराळी. त्यास वाढण्यासाठी माणसाच्या रक्तातील एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशी लागतात, आणि त्या डासाच्या शरीरात नसतात. परिणामी प्यायलेल्या रक्ताबरोबर आत गेलेला विषाणू त्या रक्ताप्रमाणेच पचून जातो. शिवाय डास चावताना आपल्या अंगात सोडतो ती त्याची लाळ. आधी शोषलेले रक्त तो दुसऱ्याच्या अंगात ओतीत नाही. राहता राहिले त्याच्या सोंडेस चिकटलेले रक्त. ते इतके अल्प असते, की त्यातून लागण होणे संभवत नाही.

याच न्यायाने पेला, ताट, पाणवठा, संडास, घाम, खोकला, हस्तांदोलन, एका शाळेच्या बाकावर बसणे, एका न्हाव्याकडे केस कापून घेणे, यांपैकी कशानेही हा विषाणू जात नाही. शरीराबाहेर तो फार दुर्बळ असतो. त्याचे मार्ग मोजके आहेत : निरोधाविना झालेला शरीरसंबंध, बाधित रक्त वा बाधित सुई, आणि मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी किंवा स्तनपानातून बालकाकडे. वेगळा पेला ठेवणारे घर आपल्या रक्षणासाठी काहीच करीत नसते. ते फक्त एका माणसास दररोज दोन वेळा त्याच्या रोगाची आठवण करून देत असते.

एक खोटा फेरफार

विषाणू आत शिरल्यावर काय करतो, हे समजावयास तलाठ्याच्या कचेरीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्यास तिचा अनुभव आहे. गावाच्या जमिनीची सारी हकीकत दफ्तरात असते. कोणी दुरून पाहून शेत कोणाचे हे ठरवीत नाही. सातबाऱ्यावर जे लिहिले असेल तेच खरे, आणि मागणी होईल तेव्हा त्याबरहुकूम नक्कल निघते. आपल्या प्रत्येक पेशीतही असे एक मूळ दफ्तर असते, त्यास आपण डी.एन.ए. म्हणतो, पेशीने कोणती प्रथिने बनवावी, केव्हा बनवावी, याचे सर्व लेख त्यात असतात, आणि पेशी त्यांच्या नकला काढून त्यांप्रमाणे काम करते.

एच.आय.व्ही. ज्या पेशी निवडतो त्यांच्या पृष्ठावर ‘सीडी-४’ नावाचे एक प्रथिन असते, म्हणून त्यांस सीडी-४ पेशी असे नाव पडले. यांची निवड ही सर्वांत दुर्दैवी गोष्ट होय. कारण शरीरात कोणताही जंतू शिरला असता प्रतिकाराचे हुकूम ज्या कचेरीतून सुटतात, ती कचेरी म्हणजे याच पेशी. विषाणू त्या प्रथिनास चिकटून आत प्रवेश मिळवतो. त्याच्याजवळ असते ती एक चिठ्ठी, आर.एन.ए. नावाच्या लिपीत लिहिलेली. मूळ दफ्तराची लिपी ती नव्हे, तेव्हा ती तशीच दाखल करून घेणे अशक्य. यासाठी तो स्वतःचा दुभाष्या बरोबर आणतो, आणि हा दुभाष्या चिठ्ठीचे दफ्तराच्या लिपीत रूपांतर करतो. जीवसृष्टीत लेखाचा प्रवास मूळ दफ्तराकडून नकलेकडे असतो; हा उलटा प्रवास शक्य आहे, हे हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये इतर विषाणूंच्या बाबतीत दाखवले, तेव्हा शास्त्रज्ञांस आश्चर्य वाटले होते, आणि १९७५ मध्ये त्या शोधास नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. एच.आय.व्ही. स्वतः ओळखला गेला तो १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत.

रूपांतर झाले, की विषाणूचे दुसरे प्रथिन पुढे होते. ते मूळ दफ्तर कापते, हा परका लेख त्या फटीत चिकटवते आणि नोंद पक्की होते. खोटा फेरफार एकदा मंजूर होऊन सातबाऱ्यावर चढला, म्हणजे पुढचा कारकून त्याविषयी शंका घेत नाही, कारण लिपी तीच, शाई तीच, शिक्काही तोच. तद्वतच पेशीस हा लेख आपला की परका हे कळेनासे होते, आणि ती निष्ठेने त्याच्या नकला काढू लागते. त्या नकलांतून विषाणूची प्रथिने अखंड लांब पट्ट्यांच्या रूपात बाहेर पडतात. तिसरे प्रथिन त्यांचे योग्य तुकडे करते आणि नवे विषाणू जुळून दुसऱ्या कचेऱ्यांकडे निघतात. औषध नसेल तर एका शरीरात दररोज असे अब्जावधी विषाणू निर्माण होतात. पेशी मरतात, शरीर नव्या बनवते, आणि ही झुंज वर्षानुवर्षे चालते. म्हणूनच लागण झालेला माणूस आठ-दहा वर्षे धडधाकट दिसू शकतो. निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरमागे सामान्यतः ५०० हून अधिक सीडी-४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली उतरली, किंवा ठरावीक गंभीर आजार जडले, म्हणजे त्या अवस्थेस एड्स म्हणतात. तात्पर्य, एच.आय.व्ही. हा विषाणू आणि एड्स ही त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने येणारी अवस्था. ही दोन्ही नावे सरसकट एकाच अर्थाने वापरणे ही वर्तमानपत्रांची जुनी सवय आहे आणि तिने पुष्कळ नुकसान केले आहे. आपल्या देशात या अवस्थेतील माणसाचा जीव बहुधा क्षयरोग घेतो. म्हणून या रुग्णांची प्रत्येक भेटीत क्षयासाठी विचारपूस होते.

गोळी काय करते आणि काय करीत नाही

आज सरकारी एआरटी, म्हणजे विषाणुरोधक उपचाराच्या, केंद्रातून मिळणारी नेहमीची गोळी दिवसातून एकदा घ्यावयाची असते, आणि तिच्या पोटात तीन औषधे असतात : टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. पैकी पहिली दोन त्या दुभाष्याचे काम बंद पाडतात. तिसरे चिकटवणाऱ्या प्रथिनास अडवते. म्हणजे नव्या दफ्तरांत नवा खोटा फेरफार होत नाही. आधी बाधित झालेल्या बहुतेक पेशी यथाकाल मरतात, आणि रक्तातील विषाणूंची संख्या उतरत जाते. नियमित औषध घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या आत ती इतकी खाली येते, की तपासणीच्या यंत्रास विषाणू सापडत नाही. रक्तात विषाणूंचे प्रमाण किती हे सांगणाऱ्या या तपासणीस ‘व्हायरल लोड’ म्हणतात.

तीन औषधे एकत्र का, एक का नाही? विषाणूचा दुभाष्या घाईने आणि चुका करीत लिहितो. त्याच्या असंख्य नकलांत दररोज काही चुका अशा होतात, की त्यायोगे एखादे औषध त्या नकलेस लागू पडेनासे होते. एकच औषध दिले असता तेवढे विषाणू वाचतात, वाढतात आणि थोड्याच दिवसांत ते औषध निरुपयोगी ठरते; पण तिन्ही औषधांस एकदम चुकवणारी नक्कल अपघाताने तयार होणे जवळजवळ असंभव. १९९६ च्या सुमारास हे तत्त्व प्रत्यक्षात आले आणि मरणोन्मुख माणसे अंथरुणातून उठून कामावर जाऊ लागली. परंतु तेव्हा वर्षाचे औषध १०,००० डॉलरांहून महाग होते, म्हणजे आपल्यासाठी नव्हतेच. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये असेच तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केले, आणि आफ्रिकेतील व आशियातील सरकारांना उपचाराचा विचार करणे शक्य झाले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषध सुरू केले. आरंभी ते सीडी-४ संख्या खाली उतरलेल्यांनाच मिळे, २०१७ पासून लागण आढळलेल्या प्रत्येकास मिळते.

आता तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. काही बाधित पेशी मरत नाहीत. त्या निद्रिस्त होतात. त्यांच्या दफ्तरात खोटी नोंद आहे, परंतु ते दफ्तर कुलूपबंद कपाटात आहे आणि त्याची नक्कल कोणी मागत नाही. औषध नव्या नोंदी रोखते; जुनी नोंद खोडण्याची ताकद त्यात नाही. कपाटे अधूनमधून उघडतात; त्यातून बाहेर पडलेला विषाणू औषध असेल तर पुढे सरकू शकत नाही, नसेल तर काही आठवड्यांत संख्या पूर्ववत वाढते. यंत्रास विषाणू सापडला नाही, एवढ्यावरून आपण बरे झालो असे समजून गोळी सोडणाऱ्याची फसगत होते ती येथे.

‖ थोडक्यात ‖ चाचणीपूर्वीचे आणि नंतरचे समुपदेशन, तसेच चाचणी, सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात मोफत व गुप्त असते. लागण झाल्यावर चाचणीत ती उमटण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागू शकतात. त्या मुदतीतील नकारात्मक निकालाची पुन्हा खातरजमा करावी. गर्भवतीने वेळेवर औषध सुरू केले, प्रसूती रुग्णालयात झाली आणि बाळास जन्मल्यावर औषध दिले, तर बाळास लागण होण्याचा संभव ५ टक्क्यांखाली आणता येतो. काहीच उपाय न केल्यास तो १५ ते ४५ टक्के असतो. राष्ट्रीय मदतवाणी : १०९७. ‖

पुण्यातील जोडपी

नवरा बाधित आणि बायको नाही, असा संसार कसा टिकतो, याचे उत्तर देणाऱ्या जगातील सर्वांत महत्त्वाच्या अभ्यासात मराठी मुलखाचा वाटा आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. ‘एच.पी.टी.एन. ०५२’ या रूक्ष नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती, प्रत्येकात एक बाधित आणि एक अबाधित. भारतातील केंद्रे दोन : पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईची वाय.आर.जी. केअर. निम्म्या जोडप्यांत बाधित व्यक्तीस औषध ताबडतोब देण्यात आले. उरलेल्यांत, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, सीडी-४ संख्या उतरल्यावर. २०११ मध्ये निष्कर्ष हाती आले तेव्हा जोडीदाराकडूनच झाली हे सिद्ध झालेल्या २८ लागणींपैकी लवकर औषध घेणाऱ्यांच्या गटात अवघी एक होती, आणि तीही औषधाचा परिणाम पूर्ण होण्यापूर्वीची. पुढे युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासात ८८८ जोडप्यांची नोंद ठेवली गेली. त्यांच्यात निरोधाविना झालेल्या सुमारे ५८,००० संबंधांनंतरही, विषाणू आटोक्यात असलेल्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात आढळली नाही.

यावरून निघालेला सिद्धांत असा, की ज्याचा विषाणू नियमित औषधाने तपासणीत न सापडण्याइतका खाली आला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. ‘कमी होते’ नव्हे, होत नाही. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत : स्तनपानाच्या बाबतीत धोका पुष्कळ कमी होतो, तथापि शून्य म्हणता येत नाही, इतर गुप्तरोगांस गोळी अडवीत नाही, आणि रक्तदान अशा व्यक्तीने करावयाचे नाही. परंतु या मर्यादा सांगतानाच मूळ सिद्धांत दडवून ठेवण्याची वृत्ती काही ठिकाणी दिसते, लोक बेफिकीर होतील या भीतीने. मला ती समर्थनीय वाटत नाही. ज्यास आपल्यापासून पत्नीस धोका नाही हे कळले आहे, त्यास गोळी घेण्याचे एक कारण अधिक मिळते.

चेन्नईच्या ज्या संस्थेचा वर उल्लेख आला, तिच्या नावातील आद्याक्षरे वाय. आर. गायतोंडे यांची आहेत. चेन्नईत स्थायिक झालेल्या या मराठी कुटुंबातील त्यांची कन्या, डॉ. सुनीती सोलोमन, यांनी आपली विद्यार्थिनी निर्मला यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये तेथील स्त्रियांचे रक्त तपासून भारतातील पहिली एच.आय.व्ही. लागण उजेडात आणली. नंतरच्या आयुष्यात त्या बाधित तरुण-तरुणींची लग्नेही जुळवीत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेने स्थळे सुचवावीत, हे वरवर विसंगत दिसते; पण औषध कोणाच्या घरात बिनधोक घेतले जाईल याचा विचार त्यांच्याइतका नेमका थोड्यांनीच केला असेल. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

लपवलेली गोळी

आता बीबीकडे परत वळू. कारण शास्त्र पुण्याचे असो वा पॅरिसचे, गोळी गिळावी लागते ती गावात. शहरातील माणूस औषधाच्या बाटलीसह अनोळखी असतो. गावात बाटली ओळखीची असते. ज्या घरात सासू, दीर, जावा आणि शेजारपाजार यांची दिवसभर ये-जा आहे, तेथे बाटलीवरील चिठ्ठी खरवडून ती कणगीत दडवावी लागते, आणि कणगीजवळ कोणी बसले असेल तर त्या दिवशीची गोळी राहते. लग्नकार्यास चार दिवस पाहुणे म्हणून गेले, की तीही मुदत बुडते. ऊसतोडीस गेलेल्या टोळीत एका कोपीत सहा माणसे झोपतात; तेथे रोज रात्री एकाच वेळी गोळी काढून खाणे म्हणजे ‘ही कसली?’ या प्रश्नास निमंत्रण देणेच. औषध आणावयास जवळच्या केंद्रात गेल्यास ओळखीचे भेटतील, या धास्तीने कित्येक जण जिल्हा ओलांडून दूरच्या केंद्रात नाव घालतात. मग भाड्यास पैसे नसले, पेरणीची घाई असली, मजुरी बुडत असली, की तारीख चुकते.

आता ही चुकलेली तारीख दफ्तराच्या भाषेत वाचा. दोन-चार दिवस गोळी नाही, रक्तातील औषध उतरले. परंतु पूर्ण नाहीसे झाले नाही. कपाटे अधूनमधून उघडतच होती. नकला सुरू झाल्या. नकलांत चुका झाल्या. आणि त्या अर्धवट औषधाच्या अमलाखाली नेमक्या अशाच नकला तगल्या, की ज्यांस ते औषध लागू नाही. हे वारंवार घडले, तर एक दिवस गोळी नियमित घेऊनही ती लागू पडेनाशी होते. मग दुसऱ्या फळीची औषधे द्यावी लागतात, जी अधिक कटकटीची असतात. आणि तेवढ्या काळात तो माणूस पुन्हा संसर्ग देऊ शकतो. म्हणजे ज्या गावाने भीतीपोटी त्यास लपावयास लावले, त्या गावाचा धोका त्या लपण्यामुळेच वाढतो. १९९० च्या दशकात कवटी आणि हाडांची चित्रे रंगवून भयाचा जो प्रसार झाला, त्याचे व्याज आपण अजून फेडीत आहोत, असे माझे मत आहे. त्या भयाने किती लागणी टळल्या ते मोजता येणार नाही. किती माणसे चाचणीपासून दूर राहिली तेही मोजता येणार नाही. परंतु गोळी लपवावी लागते हे मात्र आजही दिसते.

म्हणून या आजारात उघडपणा हे औषधयोजनेचेच अंग ठरते. त्यासाठी चावडीवर नाव लावण्याची आवश्यकता नाही. घरात एका माणसास ठाऊक असणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. ज्यास ठाऊक आहे तो आठवण देतो, तारखेस बरोबर जातो, आजारपणात केंद्रास कळवतो. एआरटी केंद्रातील समुपदेशक आरंभीच ‘तुमच्याबरोबर कोण आहे?’ असे विचारतात ते औपचारिकता म्हणून नव्हे. स्थिर झालेल्या रुग्णास एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची आणि कामासाठी परगावी जाणाऱ्याचे नाव तेथील केंद्राकडे वर्ग करण्याची तजवीजही आहे; पण मी ऊसतोडीस चाललो आहे हे केंद्रास सांगितले तरच तिचा उपयोग.

नाव कोणी उघड करावे

येथे एक काळजी घेतली पाहिजे. उघडपणा हिताचा आहे असे म्हटले, की गाव लगेच तो मागू लागते, आणि मागून घेतलेला उघडपणा म्हणजे नुसती धिंड. याचा कटू धडा आपल्या शेजारी गोव्यात १९८९ मध्ये मिळाला. डॉमिनिक डिसोझा हा पर्रा गावचा तरुण नेमाने रक्तदान करीत असे. त्या रक्ताच्या तपासणीत लागण आढळली, आणि त्यास काही न सांगता पोलिसांनी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकांतात ठेवले. कायदा तसाच होता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला आणि न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याच्या नावाखाली कायद्याची बाजू उचलून धरली. डॉमिनिकचे नाव त्याच्या इच्छेविरुद्ध साऱ्या देशाने वाचले होते; तेव्हा त्याने ते स्वेच्छेने धारण केले, उघडपणे बोलू लागला आणि १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली. त्याच वर्षी तो गेला. परिणामकारक उपचार अजून यावयाचे होते.

याच्या उलट उदाहरण १९९७ चे आहे. एका सार्वजनिक उपक्रमात रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुरास केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावरून दूर करण्यात आले होते. शरीराने तो कामास समर्थ होता. मुंबई उच्च न्यायालयाने या वेळी त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि खटला चालला तो ‘एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.’ या नावाने, म्हणजे त्याचे खरे नाव कागदावर न येता. ज्याचे नाव पोलिसांनी उघडे पाडले तो हरला आणि ज्यास नाव झाकण्याची मुभा मिळाली तो जिंकला, या योगायोगास सिद्धांत म्हणता येणार नाही. परंतु पुढे आलेल्या कायद्याची दिशा यातून दिसते. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यान्वये संमतीवाचून चाचणी करता येत नाही, नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही, आणि एखाद्याची लागण त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्यास सांगणे निषिद्ध आहे. द्वेष पसरवणाऱ्यास तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गावातील ‘अरे, त्याला ते आहे’ ही कुजबूज याच कायद्याच्या भावनेविरुद्ध आहे, हे सरपंचापासून शिक्षकापर्यंत थोड्यांनाच ठाऊक असते.

जोडीदाराची गोष्ट मात्र गावाहून वेगळी. ज्याच्याशी शरीरसंबंध आहे त्यास धोक्यात न घालण्याचे कर्तव्य त्याच कायद्याने बाधित व्यक्तीवर टाकले आहे, आणि समुपदेशनानंतरही ती सांगत नसेल तर ठरावीक अटींवर वैद्यास जोडीदारास सूचित करता येते. पत्नीस अंधारात ठेवण्याचा हक्क आणि शेजाऱ्यास न सांगण्याचा हक्क एकाच तागडीत घालता येत नाहीत. उलट बाजूही आहे : नवऱ्यामुळे लागण झालेल्या स्त्रीस, चाचणी तिची गरोदरपणात आधी झाली एवढ्याच कारणाने, ‘हिनेच आणले’ म्हणून माहेरी धाडल्याच्या हकिगती या कामातील कोणीही सांगेल. तिला सासरी राहण्याचा हक्कही या कायद्यात आहे. स्त्रियांना आणि अल्पवयीनांना राहत्या घरातून काढता येत नाही.

मुलांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी बिकट. आईबाप गमावलेली बाधित मुले कोणी सांभाळावी, या विचारातून पंढरपुरात मंगलताई शहा यांचे ‘पालवी’, लातूर जिल्ह्यात हासेगाव येथे रवी बापटले यांचे ‘सेवालय’, बीडजवळ पाली येथे दत्ता बारगजे यांचे ‘इन्फंट इंडिया’ अशी घरे उभी राहिली. शाळेत इतर पालकांचा विरोध, गावाचा बहिष्कार, हे सर्व या घरांनी सोसले. जी मुले दहाव्या वर्षी जगतील की नाही याची शाश्वती नव्हती, ती आता पंचविशीची होऊन नोकऱ्या आणि लग्ने करीत आहेत. लवकर आणि नियमित औषध घेणाऱ्याचे आयुर्मान आता जवळपास सर्वसामान्य माणसाइतके होते. या मुलांस लपण्याची सवयच नाही, कारण ती जेथे वाढली तेथे रात्रीची गोळी सर्वांनी एकत्र बसून घ्यावयाची रीत होती.

कपाटे उघडणार केव्हा

कुलूपबंद दफ्तरांतील नोंदी खोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. टिमोथी ब्राऊन या माणसाच्या रक्ताच्या कर्करोगावर २००७ मध्ये बर्लिनला अस्थिमज्जेचे रोपण करताना असा दाता निवडण्यात आला, की ज्याच्या पेशींत विषाणूस प्रवेशासाठी लागणारे दुसरे एक प्रथिनच नव्हते. त्यानंतर ब्राऊनचा एच.आय.व्ही. नाहीसा झाला. पण ते रोपण स्वतःच प्राणघातक ठरू शकते, तेव्हा केवळ एच.आय.व्ही.साठी ते कोणी करीत नाही.

व्यवहारात येऊ घातलेली गोष्ट निराळी आहे. दोन महिन्यांतून एकदा घेण्याची उपचाराची इंजेक्शने निघाली आहेत, आणि लागण होऊ नये म्हणून निरोगी माणसाने वर्षातून दोनदा घ्यावयाचे लेनाकापॅव्हिर हे औषधही. त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचे परवाने २०२४ मध्ये ज्या कंपन्यांस मिळाले, त्यांत पुण्याची एम्क्युअर आहे. उपचाराचे इंजेक्शन सरकारी केंद्रांतून मिळू लागले, तर कणगीतील बाटलीची गरज उरणार नाही आणि कोपीत झोपणाऱ्यास रोज रात्री पाठ फिरवून गोळी खावी लागणार नाही. दर दोन महिन्यांनी ठरल्या दिवशी रोजगार सोडून बसने कोठे जातोस, हे मात्र मुकादम विचारीलच, आणि त्यास काय सांगावयाचे याची तयारी समुपदेशकांना आतापासून करून घ्यावी लागेल.